गोचिडाचा माग काढणारा संशोधक : डॉ. हॉवर्ड रिकेट्स

थोरामोठ्यांची चरित्रे सांगायची म्हटली की आपल्याला राजे, संत, कवी, समाजसुधारक आठवतात. ते योग्यच आहे. पण काही माणसे अशीही होऊन गेली की त्यांनी तलवार उचलली नाही, सभा गाजवल्या नाहीत, फक्त एका लहानशा किड्याच्या मागे आपले आयुष्य खर्ची घातले. अमेरिकेतील डॉ. हॉवर्ड टेलर रिकेट्स हे त्यांपैकी एक. जगभरच्या वैद्यकाच्या विद्यार्थ्यांना त्यांचे नाव ठाऊक असते, कारण जंतूंच्या एका संपूर्ण गटाला ‘रिकेट्सिया’ हे नाव त्यांच्यावरून पडले आहे. आणि तो किडा म्हणजे आपल्या गोठ्यातल्या गाईम्हशींच्या कानामागे दिसणारा गोचीड.

या अंकासाठी आम्ही मुद्दाम त्यांचीच निवड केली आहे. बेळगाव, खानापूर, चंदगड, दोडामार्ग, सत्तरी हा आपला सारा टापू जंगलाला लागून आहे. २०१५ साली गोव्यातील सत्तरी तालुक्यात आणि २०१६ साली सिंधुदुर्गातील दोडामार्ग तालुक्यात माकडतापाचे रुग्ण सापडले, काही दगावलेही. २०१६ सालीच गोव्यात काजूच्या बागांत कामाला गेलेले बेळगाव जिल्ह्यातील काही मजूर हा ताप घेऊन गावी परतले. माकडताप पसरतो तो गोचिडामुळे. गोचीड माणसाला जीवघेणा आजार देऊ शकतो ही गोष्ट आज आपल्याला साधी वाटते. पण शंभर वर्षांपूर्वी ती प्रयोगाने सिद्ध करावी लागली, आणि लोकांच्या गळी उतरवावी लागली.

बालपण आणि शिक्षण

हॉवर्ड रिकेट्स यांचा जन्म ९ फेब्रुवारी १८७१ रोजी अमेरिकेतील ओहायो राज्यात फिंडले या गावी झाला. १८९४ साली नेब्रास्का विद्यापीठातून प्राणिशास्त्राचा विषय घेऊन ते पदवीधर झाले आणि वैद्यकाच्या शिक्षणासाठी शिकागोच्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात दाखल झाले. १८९३ साली अमेरिकेत मोठी मंदी आली होती आणि तिची झळ त्यांच्या घरालाही बसली होती. त्यामुळे शिकता शिकता काम करून त्यांनी आपला खर्च भागवला. १८९७ साली ते डॉक्टर झाले.

त्या काळी डॉक्टर झालेल्या हुशार तरुणाने मोठ्या शहरात दवाखाना थाटला तर पैसा आणि मान दोन्ही मिळत असे. रिकेट्स मात्र प्रयोगशाळेकडे वळले. त्यांचे सुरुवातीचे संशोधन बुरशीमुळे होणाऱ्या एका त्वचारोगावर होते. १९०० साली मायरा टब्ज यांच्याशी त्यांचा विवाह झाला. त्यानंतर त्यांनी युरोपात जाऊन बर्लिन आणि पॅरिसच्या पाश्चर संस्थेत काही काळ अभ्यास केला. १९०२ पासून ते शिकागो विद्यापीठात रोगविकृतिशास्त्र शिकवू लागले. रोगप्रतिकारशक्ती आणि लसचिकित्सा या विषयांवरचे त्यांचे पुस्तक १९०६ साली प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी त्यांच्या आयुष्याला वेगळे वळण मिळाले.

बिटररूटच्या खोऱ्यातील काळा गोवर

अमेरिकेच्या वायव्येला मोंटाना नावाचे डोंगराळ राज्य आहे. तेथे बिटररूट नदीचे सुंदर खोरे आहे. दोन्ही बाजूंना उंच पर्वत, खाली सुपीक जमीन. शेतकरी, गुराखी, लाकूडतोडे तेथे येऊन वसती करू लागले होते. पण दर वर्षी वसंत ऋतू आला की या खोऱ्यात एक भयंकर ताप डोके वर काढी. एकाएकी खूप ताप चढे, डोके असह्य दुखे, अंग मोडून येई. दोनचार दिवसांत मनगटांवर आणि घोट्यांवर लालसर ठिपके उठत, मग ते सर्वांगावर पसरत आणि काळपट होत. म्हणून लोक त्याला काळा गोवर म्हणत. डॉक्टर त्याला रॉकी पर्वतातील ठिपक्यांचा ताप म्हणत. शेजारच्या आयडाहो राज्यात हाच ताप बराच सौम्य असे, पण बिटररूट खोऱ्यात आजारी पडणाऱ्यांपैकी निम्म्याहून कितीतरी अधिक माणसे मरत. घरातला कर्ता पुरुष आठवड्यात सांगाड्यासारखा व्हावा आणि दुसऱ्या आठवड्यात जावा, असे प्रकार घडत.

त्यात आणखी एक कोडे होते. नदीच्या पश्चिम तीरावर हा ताप येई, पूर्व तीरावर मात्र फारसा येत नसे. असे का? कोणी म्हणे डोंगरावरचे वितळलेल्या बर्फाचे पाणी प्यायल्याने येतो. १९०२ साली विल्सन आणि चाउनिंग या दोन संशोधकांनी गोचिडाकडे बोट दाखवले होते. पण १९०४ साली सरकारी तज्ज्ञ चार्ल्स स्टाइल्स यांनी त्यांचे म्हणणे खोडून काढले. संशय होता, पुरावा नव्हता. लोकांचाही या गोष्टीवर विश्वास नव्हता. लहानपणापासून अंगावर गोचीड चढलेले पाहणारा शेतकरी म्हणे, इतकी वर्षे गोचीड चावतो आहे, मला कुठे काय झाले?

तंबूतील प्रयोगशाळा

१९०६ च्या वसंतात रिकेट्स मोंटानातील मिसूला गावी पोहोचले. त्यांच्यासाठी सुसज्ज इमारत तयार नव्हती. इस्पितळाच्या आवारात तंबू ठोकून त्यांनी काम सुरू केले. सूक्ष्मदर्शक, काही पिंजरे, गिनीपिग आणि डब्यांत भरलेले गोचीड एवढाच त्यांचा संसार.

त्यांनी प्रयोग कसा केला ते विद्यार्थ्यांनी नीट समजून घ्यावे, कारण विज्ञानात पुरावा कसा उभा करतात याचा तो उत्तम नमुना आहे. प्रथम त्यांनी आजारी माणसाचे थोडे रक्त गिनीपिगला टोचले. गिनीपिगला तसाच ताप आला. म्हणजे रोगाचे कारण रक्तात आहे, आणि प्राण्यावर त्याचा अभ्यास करता येतो, हे ठरले. मग त्यांनी एक मादी गोचीड या आजारी गिनीपिगच्या कानाच्या बुडाशी लावला. दोन दिवस त्याला रक्त पिऊ दिले. नंतर तो काढून दोन दिवस छोट्या डबीत ठेवला आणि मग एका निरोगी गिनीपिगच्या कानाशी लावला. काही दिवसांत तो निरोगी प्राणीही तापाने फणफणला. दुसरीकडे, आजारी प्राण्यांच्या सोबत राहिलेले पण गोचीड न चावलेले गिनीपिग मात्र निरोगी राहिले. म्हणजे हा रोग शिवल्याने होत नाही, एका श्वासातून दुसऱ्या श्वासात जात नाही, तो गोचिडाच्या दंशातून जातो. त्याच सुमारास डब्ल्यू. डब्ल्यू. किंग या सरकारी डॉक्टरांनीही स्वतंत्रपणे हीच गोष्ट दाखवली.

रिकेट्स एवढ्यावर थांबले नाहीत. प्रयोगशाळेतला गोचीड रोग देतो, पण रानातला देतो का? त्यांनी खोऱ्यातून गोचीड जमवले आणि त्यांतील काही थोड्या गोचिडांत रोगाचे विष सापडले. शेतकऱ्याच्या प्रश्नाचे उत्तर येथेच होते. सगळे गोचीड रोगी नसतात, म्हणून दर दंशाला ताप येत नाही. पण कोणता रोगी आणि कोणता निरोगी हे डोळ्यांना दिसत नाही, म्हणून कोणत्याही गोचिडाला अंगावर थारा देणे धोक्याचे.

पुढे त्यांनी दाखवले की रोगी मादीच्या अंड्यांतून हा संसर्ग तिच्या पिल्लांतही उतरतो. म्हणजे एकाही माणसाला ताप आला नाही तरी रोग रानात टिकून राहतो. खोऱ्यातील खारी आणि इतर लहान प्राणी यांनाही त्याची लागण होऊ शकते हे त्यांनी तपासले. लहान गोचीड अशा छोट्या प्राण्यांवर जगतात आणि मोठे झाले की गुरे, घोडे आणि माणूस यांच्यावर चढतात. रोगाची ही साखळी एकदा कळली की ती कोठे तोडायची हेही कळते. १९०९ साली त्यांनी रुग्णांच्या रक्तात आणि गोचिडाच्या अंड्यांत दिसलेल्या अतिसूक्ष्म दंडाकार जंतूंचे वर्णन प्रसिद्ध केले. हे जंतू नेहमीच्या पद्धतीने काचेच्या बशीत वाढत नव्हते. हेच रोगाचे कारण, असे छातीठोकपणे सांगण्याची त्यांनी घाई केली नाही. जेवढे दिसले तेवढेच लिहिले.

या साऱ्या काळात सगळ्यांनी त्यांना डोक्यावर घेतले असे समजू नये. खोऱ्यात तेव्हा फळबागांसाठी जमिनींची खरेदीविक्री जोरात होती. येथे जीवघेण्या तापाचे गोचीड आहेत अशी बातमी बाहेर गेली तर जमिनीचे भाव पडतील, अशी पुष्कळांना भीती होती. साथीपेक्षा साथीच्या बातमीची भीती अधिक, हा अनुभव आपल्याकडेही नवा नाही.

मेक्सिकोतील शेवटचे महिने

संशोधनाला पैसा लागतो. मोंटाना राज्याकडून पुढच्या कामाचा निधी वेळेवर मिळेना. तेव्हा १९०९ च्या अखेरीस रिकेट्स मेक्सिकोच्या राजधानीत गेले. तेथे टायफसची साथ होती. स्थानिक लोक त्याला ताबार्दिल्यो म्हणत. हा तापही ठिपक्यांच्या तापासारखाच दिसे, म्हणून दोन्ही एकच की वेगळे हे पाहायचे होते. त्यांच्या सोबत रसेल वाइल्डर हा तरुण साहाय्यक होता, जो पुढे मधुमेहाचा नामांकित डॉक्टर झाला.

त्याच वर्षी ट्युनिस येथे चार्ल्स निकोल यांनी टायफस अंगावरच्या उवांमुळे पसरतो असे दाखवले होते. पुढे १९२८ साली त्यांना त्यासाठी नोबेल पारितोषिक मिळाले. रिकेट्स आणि वाइल्डर यांनी मेक्सिकोतील टायफसही उवांमुळेच पसरतो हे सिद्ध केले. एकदा टायफस होऊन गेलेल्या प्राण्याला ठिपक्यांचा ताप तरीही होतो, म्हणजे हे दोन वेगळे रोग आहेत, हेही त्यांनी दाखवले. टायफसच्या रुग्णांत आणि रोगी उवांत त्यांना पुन्हा तसेच सूक्ष्म जंतू दिसले.

हे काम किती धोक्याचे होते याची कल्पना आज येणार नाही. ना प्रतिजैविके, ना लस, ना आजच्यासारखे संरक्षक कपडे. रोगी माणसांच्या कपड्यांतील उवा गोळा करायच्या, त्यांना डब्यांत पाळायचे, त्यांच्यावर प्रयोग करायचे. एखादी उव निसटली तरी मृत्यू जवळ. एप्रिल १९१० मध्ये रिकेट्स यांना टायफसने गाठले. ३ मे १९१० रोजी मेक्सिकोत त्यांचे निधन झाले. वय अवघे ३९ वर्षांचे. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाने त्यांना प्राध्यापकपद देऊ केले होते आणि त्यांनी ते स्वीकारलेही होते. तेथे रुजू होणे त्यांच्या नशिबी नव्हते. मागे पत्नी मायरा आणि दोन लहान मुले राहिली. मुलगा हेन्री पुढे वडिलांप्रमाणे डॉक्टर होऊन शिकागो विद्यापीठातच शिकवू लागला.

मेक्सिकोच्या राष्ट्राध्यक्षांनी या परदेशी संशोधकासाठी तीन दिवसांचा शोक पाळण्याचा आदेश दिला. शिकागो विद्यापीठाच्या वतीने १९११ साली त्यांचे सर्व शोधनिबंध एकत्र छापण्यात आले. १९१६ साली ब्राझीलचे संशोधक हेन्रिक दा रोशा लिमा यांनी टायफसचा जंतू ओळखला आणि त्याला ‘रिकेट्सिया प्रोवाझेकी’ असे नाव दिले. त्यातील पहिले नाव रिकेट्स यांचे, तर दुसरे श्टानिस्लाउस फॉन प्रोवाझेक यांचे. प्रोवाझेकही १९१५ साली टायफसनेच गेले. एका जंतूच्या नावात त्याच जंतूने घेतलेले दोन बळी असे कायमचे नोंदले गेले. ठिपक्यांच्या तापाचा जंतू आज ‘रिकेट्सिया रिकेट्सी’ या नावाने ओळखला जातो.

त्यांच्यानंतरची वाटचाल

रिकेट्स गेले, पण काम थांबले नाही. गुरांना औषधी पाण्याच्या हौदातून बुडवून काढून गोचीड मारण्याची मोहीम बिटररूट खोऱ्यात सुरू झाली. शेतकऱ्यांनी सुरुवातीला तिला कडाडून विरोध केला. १९१२ साली थॉमस मॅक्लिंटिक हे सरकारी डॉक्टर याच कामात ठिपक्यांचा ताप होऊन मरण पावले. १९२१ साली हॅमिल्टन गावाजवळच्या एका रिकाम्या पडलेल्या शाळेच्या इमारतीत प्रयोगशाळा थाटली गेली. तेथेच रोगी गोचीड वाटून त्यांपासून पहिली लस तयार झाली. डॉ. रॉस्को स्पेन्सर यांनी १९२४ साली ती आधी स्वतःला टोचून घेतली. १९२८ साली हॅमिल्टनमध्ये मोठी प्रयोगशाळा उभी राहिली, ती आजही चालू आहे. १९४० च्या दशकाच्या अखेरीस परिणामकारक प्रतिजैविके आली आणि या तापाचा दरारा बराच ओसरला.

याच हॅमिल्टनच्या प्रयोगशाळेतून आणखी एका रोगाचे कोडे सुटले. १९७५ साली अमेरिकेच्या कनेटिकट राज्यात लाइम या गावाच्या परिसरात पुष्कळ मुलांचे सांधे सुजू लागले. डॉक्टरांना उलगडा होईना. दोन जागरूक मातांनी आपल्या भागातील आजारी मुलांची माहिती जमवली आणि आरोग्य अधिकाऱ्यांकडे पाठपुरावा केला, म्हणून तपास सुरू झाला. पुढे १९८१ साली हॅमिल्टन येथील विली बर्गडॉर्फर हे ठिपक्यांच्या तापासाठी गोचीड तपासत असताना त्यांना त्यात नागमोडी आकाराचे वेगळेच जंतू दिसले. तोच लाइम रोगाचा जंतू. आज त्याला बर्गडॉर्फर यांचे नाव आहे. लाइम रोगात दंशाच्या जागी बहुधा पसरत जाणारे लाल वर्तुळ उठते, ताप व थकवा येतो, आणि वेळीच प्रतिजैविके दिली तर बहुतेक रुग्ण पूर्ण बरे होतात. उपचार न झाल्यास सांधे, मज्जातंतू आणि हृदयावर परिणाम होऊ शकतो. रिकेट्स यांनी तंबूत सुरू केलेल्या कामाचा धागा असा पाऊणशे वर्षांनी लाइमपर्यंत पोहोचला. पालकांनी यातून एक गोष्ट घ्यावी, ती म्हणजे आईवडिलांचे निरीक्षण हाही तपासाचाच भाग असतो.

आपल्यासाठी बोध

लाइम रोग आपल्या भागात नेहमीचा नाही. पण गोचीड आणि त्यांच्यासारखे कीटक यांपासून होणारे दुसरे आजार आपल्याकडे आहेत. कर्नाटकातील शिमोगा जिल्ह्यात क्यासनूर जंगलात १९५७ साली माकडे मरू लागली आणि पाठोपाठ माणसे तापाने आजारी पडली. पुण्याच्या तेव्हाच्या विषाणू संशोधन केंद्राने या रोगाचा शोध लावला. तोच माकडताप. तो विषाणूमुळे होतो आणि त्यावर खास असे औषध नाही, म्हणून इस्पितळात लवकर जाणे आणि योग्य शुश्रूषा होणे महत्त्वाचे. शंभर रुग्णांमागे साधारण तीन ते पाच दगावतात. त्याचा हंगाम साधारण नोव्हेंबर-डिसेंबर ते मे, म्हणजे नेमका काजू, लाकूडफाटा आणि पाला गोळा करण्याचा. याशिवाय रिकेट्सियाच्या गटातले गोचीडताप आणि चिगर माइट या बारीक किड्यांपासून होणारा स्क्रब टायफस हेही महाराष्ट्रात आढळतात. त्यांवर साधे, स्वस्त औषध आहे, पण ते पहिल्या काही दिवसांत सुरू झाले तरच खरा उपयोग होतो.

म्हणून आम्ही विद्यार्थी, पालक आणि आपल्या परिसरातील डॉक्टर मंडळी या सर्वांना काही गोष्टी सुचवतो.

रानात, काजूच्या बागेत किंवा गवतात जाताना पूर्ण बाह्यांचे कपडे घालावे, पँट मोज्यात खोचावी. आरोग्य खात्याकडून अंगाला लावायचे प्रतिबंधक तेल मिळाले तर ते वापरावे. घरी आल्यावर कपडे गरम पाण्यात टाकावे, साबणाने अंघोळ करावी आणि कानामागे, काखेत, कमरेला, गुडघ्यामागे व डोक्याच्या केसांत गोचीड आहे का पाहावे. लहान मुलांचे अंग मोठ्यांनी तपासावे. गुरे आणि पाळीव कुत्री यांच्यावरील गोचिडांचा बंदोबस्त पशुवैद्यांच्या सल्ल्याने करावा. साथीच्या हंगामात जंगलातला पाला गोठ्यात अंथरू नये.

गोचीड चिकटलेला दिसल्यास त्याला काडीने चटका देणे, रॉकेल किंवा चुना लावणे असे प्रकार करू नयेत. बारीक चिमट्याने त्वचेच्या अगदी जवळ धरून तो सरळ, सावकाश ओढावा. पिरगळू नये, बोटांनी चिरडू नये. नंतर जागा व हात साबणाने धुवावे आणि कॅलेंडरवर त्या तारखेची नोंद करावी. पुढच्या महिनाभरात ताप, जोराची डोकेदुखी, अंगदुखी, अंगावर पुरळ किंवा दंशाच्या जागी काळी खपली दिसली तर घरगुती उपाय करत न बसता डॉक्टरांकडे जावे, आणि गोचीड चावल्याचे न विचारताही सांगावे. रानात मेलेले माकड दिसले तर त्याला हात न लावता आरोग्य किंवा वन खात्याला कळवावे.

आणि डॉक्टर मंडळींना एक नम्र विनंती. तापाचा रुग्ण समोर आला की डेंग्यू आणि मलेरियाची तपासणी आपण करताच. त्यासोबत, गेल्या पंधरा-वीस दिवसांत कोठे गेला होता, रानात किंवा बागेत काम केले का, अंगावर काही चिकटले होते का, हेही विचारावे. गोचीड चावल्याचे पुष्कळांच्या लक्षातच येत नाही, म्हणून रुग्ण नाही म्हणाला तरी शंका मनात ठेवावी, आणि काखेत, कमरेखाली काळी खपली शोधावी.

रिकेट्स यांना जेमतेम चार वर्षे या कामासाठी मिळाली. त्यांना पूर्ण उत्तर सापडले नाही. पण प्रश्न कसा विचारायचा, पुरावा कसा गोळा करायचा आणि जेवढे सिद्ध झाले तेवढेच कसे सांगायचे, हे त्यांनी दाखवून दिले. त्यांच्या पाठोपाठ आलेल्यांनी त्याच वाटेने जाऊन औषधे शोधली. आपल्या शाळेतील एखादा विद्यार्थी किंवा विद्यार्थिनी उद्या डॉक्टर, पशुवैद्य किंवा संशोधक होऊन आपल्याच जंगलातील माकडतापाचा अभ्यास करील, अशी आशा आम्ही बाळगतो. तोपर्यंत या हंगामात एवढे तरी करू या : रानातून घरी आल्यावर अंग तपासल्याशिवाय कोणी जेवायला बसायचे नाही.